संशोधकांचे ग्रीन कार्ड अर्ज तयार करून देणारी एक फर्म: वर्षभराच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

अमेरिकेतील एका इमिग्रेशन फर्मकडून सप्टेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या वर्षभरात मी एनआयडब्ल्यू (राष्ट्रहितासाठी मिळणारी सवलत) प्रकारातील ग्रीन कार्ड अर्जाची सेवा घेतली, तिच्याबद्दलचा हा अभिप्राय आहे. फर्मचे नाव मी देत नाही, कारण माझा अनुभव एका अर्जापुरता आहे आणि त्याच फर्ममध्ये दुसऱ्या वकिलाच्या टेबलावर गेलेल्या अर्जाचे नशीब निराळे असू शकते. शिवाय विद्यापीठांतील संशोधकांना गाठून असे अर्ज तयार करून देणाऱ्या फर्मची कामाची पद्धत आणि जाहिरातीची भाषा एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असते की, एकीचे गुणदोष कळले तर दुसरीकडे कोणते प्रश्न विचारायचे हे आपोआप समजते. तारे द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन देईन. अर्ज मंजूर होऊनही दीड तारा का कापला, ते पुढे येईलच.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर २०१९ मध्ये मी पीएच.डी.साठी मिडवेस्टमधील एका विद्यापीठात आले आणि २०२४ पासून तिथेच पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची करारावरील संशोधक, आहे. मक्याच्या पानांवर डांबराचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे, किंचित उंचवटा असलेले ठिपके पाडणारा ‘टार स्पॉट’ हा बुरशीजन्य रोग माझा अभ्यासविषय आहे. अर्ज करताना माझ्या नावावर नऊ शोधनिबंध होते, त्यांपैकी चारांत मी प्रथम लेखक. इतरांनी माझ्या निबंधांच्या दिलेल्या संदर्भांची संख्या दोनशेच्या आत, पारितोषिक म्हणावे असे एकही नाही आणि नोकरीचे करारपत्र दरवर्षी नव्याने येणारे. कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या अनेक संशोधकांची स्थिती साधारण अशीच असते, म्हणून हा तपशील आधीच देऊन ठेवते.

फर्मची पहिली पायरी म्हणजे मोफत मूल्यमापन. बायोडाटा आणि गूगल स्कॉलरवरील पानाचा दुवा पाठवला की दोन दिवसांत दोन पानी पत्र येते आणि त्यात संशोधकाला खुल्या असलेल्या तीन वाटांविषयी फर्मचे मत दिलेले असते. यांपैकी ईबी-१ए (ईबी म्हणजे रोजगारावर आधारित वर्ग) ही असामान्य क्षमतेची वाट आहे. तिथे नोकरी देणारा लागत नाही, अर्ज स्वतःचा स्वतः करता येतो, आणि दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात. संशोधकांच्या बाबतीत हे तीन बहुधा ठरलेलेच असतात: इतरांच्या निबंधांचे परीक्षण, स्वतःचे शोधनिबंध आणि क्षेत्रावर मोठा प्रभाव पाडणारे मौलिक योगदान. मात्र तीन खुणा झाल्या म्हणजे काम झाले असे नाही. कझारियन प्रकरणातील २०१० च्या न्यायालयीन निकालानंतर अधिकारी आधी निकष मोजतो आणि मग सगळा पुरावा एकत्र ठेवून ही व्यक्ती आपल्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्या लोकांत खरोखर बसते का, हे पाहतो. हा कझारियन स्वतः सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ होता आणि न्यायालयात जाऊनही त्याचा अर्ज नामंजूरच राहिला, हे आम्हा संशोधकांनी विसरू नये.

दुसरी वाट ईबी-१बी, म्हणजे उल्लेखनीय प्राध्यापक आणि संशोधकांची. तिचे निकष सहा, त्यांतले दोन पुरेसे, शिवाय संशोधनाचा किंवा अध्यापनाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. ऐकायला ही वाट सोपी वाटते, पण हा अर्ज संस्थेनेच करावा लागतो आणि देऊ केलेले पद कायम स्वरूपाचे असावे लागते. वर्षावर्षाने वाढणाऱ्या पोस्टडॉकच्या पदाला तसे म्हणणे अवघड, त्यामुळे आमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाने मला पहिल्याच भेटीत नम्रपणे नकार दिला होता. तिसरी वाट एनआयडब्ल्यू, म्हणजे ईबी-२ वर्गातील राष्ट्रहिताची सवलत. डिसेंबर २०१६ मधील धनासर प्रकरणाच्या निर्णयाने तिच्या कसोट्या ठरवून दिल्या आहेत. तुम्ही हाती घेतलेले काम गुणवत्तेचे आणि राष्ट्रीय महत्त्वाचे असले पाहिजे, ते पुढे नेण्यास तुम्ही योग्य स्थितीत असला पाहिजे, आणि नोकरीच्या प्रस्तावाची व श्रमखात्याच्या (पात्र अमेरिकी उमेदवार मिळत नसल्याच्या) प्रमाणपत्राची अट तुमच्यापुरती माफ करणे एकंदरीत देशाच्या फायद्याचे ठरले पाहिजे. ज्याच्या नावाने ही कसोटी ओळखली जाते तो अर्जदारही विद्यापीठात अध्यापन आणि संशोधन करणाराच होता, त्यामुळे तिची भाषा संशोधकाला परकी वाटत नाही.

माझ्या पत्रात एनआयडब्ल्यूसाठी ‘भक्कम’, ईबी-१ए साठी ‘वर्षभराने पुन्हा पाहू’ आणि ईबी-१बी साठी ‘संस्थेवर अवलंबून’ असे शेरे होते. तिन्ही शेरे रास्त होते आणि आजही मी त्यांच्याशी सहमत आहे. तरीही त्या पत्रात दोन गोष्टी नव्हत्या, आणि त्या नसणे मला खटकते.

त्यांतली पहिली म्हणजे अध्यापनाच्या पदासाठी विद्यापीठांना असलेली खास सोय. एखाद्या उमेदवाराची प्राध्यापक म्हणून स्पर्धात्मक निवड झाली असेल, तर निवडीपासून १८ महिन्यांच्या आत विद्यापीठ श्रमखात्याकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज करू शकते आणि तिथे ‘किमान पात्र अमेरिकी उमेदवार मिळाला का’ असे न पाहता ‘सर्वांत पात्र उमेदवार कोण’ हे पाहिले जाते. मी सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करत आहे, हे फर्मच्या प्रश्नावलीत स्पष्ट लिहिले होते, पण या सोयीचा उल्लेखही झाला नाही. तो अर्ज विद्यापीठाच्या वकिलाकडून होतो आणि त्यात या फर्मची कमाई शून्य, हे कारण असावे असा माझा कयास आहे.

दुसरी गोष्ट फार मोठी आहे, ती म्हणजे रांग. रोजगारावर आधारित सगळ्या वर्गांना मिळून वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे उपलब्ध असतात, त्यांत जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. अर्ज मंजूर झाला तरी व्हिसा बुलेटिन या सरकारी मासिक पत्रकात आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत आपली जागा ठरवणारी तारीख, येईपर्यंत पुढचा आय-४८५ अर्ज, म्हणजे प्रत्यक्ष कार्डासाठीचा अर्ज, मार्गी लागत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-२ ची अंतिम तारीख १ एप्रिल २०१३ होती, म्हणजे ज्यांची प्रायॉरिटी डेट त्याआधीची आहे त्यांचीच पाळी आली होती. माझी प्रायॉरिटी डेट मार्च २०२५ मधली आहे. दोन्हींतले अंतर बारा वर्षांचे दिसते, पण ही रांग दर महिन्याला एक महिना सरकत नाही, कधी जागीच थांबते, कधी चक्क मागे जाते. त्यामुळे साध्या वजाबाकीवर विसंबून आयुष्याचे बेत आखता येत नाहीत. त्याच बुलेटिनमध्ये भारतासाठी ईबी-१ (ईबी-१ए आणि ईबी-१बी या दोन्ही वाटांचा वर्ग) ची तारीख १५ फेब्रुवारी २०२२ होती. म्हणजे रांग तिथेही आहे, पण ती माणसाच्या आवाक्यातली आहे. अर्थात ऑगस्ट २०२३ मध्ये हीच ईबी-१ ची तारीख एका झटक्यात १ जानेवारी २०१२ वर मागे गेली होती, त्यामुळे तिथेही फार निर्धास्त राहू नये.

‘तुमची मंजुरीची शक्यता उत्तम आहे’ हे वाक्य मूल्यमापनाच्या पत्रात ठळक अक्षरांत होते. ‘तुमचा जन्म भारतातला आहे, म्हणून या मंजुरीनंतर कार्ड हातात पडायला अनेक वर्षे लागतील’ हे वाक्य कुठेच नव्हते. जन्मस्थान मात्र प्रश्नावलीत विचारलेले होते. माझ्यासारखीला हे ठाऊक होते, पण विभागातल्या एका नव्या मुलाने तेच पत्र वाचून पुण्यातल्या आईवडिलांना दोन वर्षांत ग्रीन कार्ड होईल असे सांगून टाकले होते, आणि त्याची समजूत काढण्याचे काम माझ्याकडे आले. रांगेत जन्माचा देश पाहिला जातो, नागरिकत्वाचा नाही, हेदेखील मी त्याला सांगितले. आमच्या मराठी मंडळातील एका कुटुंबात नवरा सोलापूरचा आणि बायको मस्कतमध्ये जन्मलेली आहे, कारण तिचे वडील तिथे नोकरीला होते. तिच्या जन्मस्थानाच्या आधारे दोघांचीही गणना ओमानच्या खात्यात झाली आणि भारताच्या रांगेत त्यांना उभेच राहावे लागले नाही. फर्मच्या प्रश्नावलीत जोडीदाराचे जन्मस्थान हा रकाना सातव्या पानावर, ‘ऐच्छिक’ या शीर्षकाखाली होता. तो पहिल्या पानावर हवा.

मग एवढी लांब रांग असताना एनआयडब्ल्यूसाठी पैसे का मोजायचे, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि माझ्या मते या सेवेचे मोल ठरवताना हाच प्रश्न कळीचा आहे. उत्तर असे आहे की, एकदा मंजूर झालेल्या अर्जाची प्रायॉरिटी डेट ईबी-१, ईबी-२ आणि ईबी-३ या वर्गांतल्या पुढच्या अर्जालाही लावता येते. आज एनआयडब्ल्यू मंजूर करून घेतली आणि तीन वर्षांनी ईबी-१ए मंजूर झाली, किंवा प्राध्यापकपद मिळून विद्यापीठाने ईबी-१बी केली, तर त्या छोट्या रांगेत मी आजची तारीख घेऊन उभी राहीन. म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेला भारतीय संशोधक या फर्मकडून प्रत्यक्षात एक तारीख विकत घेत असतो. फर्मने हे पहिल्याच पत्रात सांगितले असते, तर तिचा धंदा बुडाला नसता, उलट लोकांनी लवकर अर्ज केले असते. मला हे नागपूरच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंकडून कळले, त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. त्यांचे शब्द असे होते: “अगं, कार्डाचं नंतर बघू. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आधी तारखेचं कर.”

करार करताना वकिलाचे शुल्क ४,८०० डॉलर ठरले, अर्धे करारावर सही करताना आणि अर्धे अर्ज पाठवण्याआधी. ‘मंजुरी नाहीतर पैसे परत’ ही या फर्मची मुख्य जाहिरात आहे, म्हणून त्या कलमाविषयी थोडे लिहिते. परतावा फक्त वकिलाच्या शुल्काचा आहे, सरकारी शुल्काचा नाही. तो फक्त आय-१४० पुरता, म्हणजे एनआयडब्ल्यूच्या या पहिल्या अर्जापुरता आहे. आणि अर्जदाराने फर्मच्या सल्ल्याविरुद्ध काही केले असेल तर तो रद्द होतो. हा ‘सल्ला’ लेखी असावा असे करारात नव्हते. मी तो शब्द घालायला सांगितला आणि त्यांनी तक्रार न करता घातला. आरएफई, म्हणजे अधिक पुराव्याची सरकारी मागणी, आल्यास उत्तराचे वेगळे पैसे घेणार नाही हे कलमही होते, आणि पुढे त्याचाच मला सर्वाधिक उपयोग झाला. करारावर सही करण्यापूर्वी बोलणारा माणूस विक्री विभागाचा असतो आणि नंतर भेटतो तो वकील, हे मात्र ध्यानात ठेवावे. दोघांच्या बोलण्यात मला पुढे बराच फरक दिसला.

वकीलबाईंचा पहिला सल्ला अर्ज न करण्याचा होता, आणि त्याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देते. त्या वेळी मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, ओपीटीच्या (शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या सवलतीच्या) मुदतीत होते, डिसेंबरमध्ये संगमनेरला धाकट्या भावाचे लग्न होते आणि परत येण्यासाठी मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागणार होता. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, असा थेट प्रश्न असतो, आणि विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याचा मायदेशी परतण्याचा इरादा असावा अशी अपेक्षा असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर हा पेच येत नाही. त्यामुळे लग्न उरकून परत यावे, विद्यापीठाकडून एच-१बी होऊ द्यावे आणि मगच अर्ज पाठवावा, असे त्यांनी लेखी कळवले. विद्यापीठांना एच-१बी ची लॉटरी लागू नसल्याने ते फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेही. विक्री विभागाने मात्र नोव्हेंबरमध्येच ‘तारीख वाया जाते आहे’ अशी दोन पत्रे पाठवली होती.

जे-१ या विनिमय व्हिसावर असलेल्यांसाठी एवढेच सांगते की, दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू असेल तर एनआयडब्ल्यू तिच्यातून सोडवत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी सुधारलेल्या कौशल्य यादीतून (कोणत्या देशांतील कोणत्या विषयांना ही अट लागू ते ठरवणारी यादी) भारत वगळला गेल्याने फक्त त्या यादीमुळे अडकलेले अनेकजण मोकळे झाले, पण ज्यांना सरकारी पैशातून शिष्यवृत्ती मिळाली आहे त्यांना ही अट उरतेच. फर्मने हे माझ्या एका कोल्हापूरच्या मित्राला पैसे घेण्यापूर्वी सांगितले, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे.

आता मसुद्याकडे वळते, कारण सेवा म्हणून जे काही मिळते त्याचे सार तिथेच आहे. फर्म संशोधकाकडून वीस पानी प्रश्नावली भरून घेते आणि त्यावरून अर्जाचे मुख्य पत्र आणि शिफारसपत्रांचे मसुदे तयार करते. माझ्या पहिल्या मसुद्यात टार स्पॉट हा ‘जिवाणूजन्य’ रोग होता. पुढच्याच परिच्छेदात तो मी ‘अमेरिकेत प्रथम शोधून काढला’ असे विधान होते. हा रोग अमेरिकेत पहिल्यांदा आढळला तो २०१५ मध्ये, इंडियाना आणि इलिनॉय या राज्यांत. त्या वर्षी मी बी.एस्सी. कृषीच्या वर्गात ज्वारीवरील काणी रोगाची आकृती काढत बसलेली होते. हे वाक्य तसेच सरकारदरबारी गेले असते तर काय झाले असते, याची कल्पना करून मला त्या रात्री झोप लागली नाही. मी लाल शाईने दुरुस्त केलेली प्रत पाठवली, वकीलबाईंनी फोन करून क्षमा मागितली आणि पुढचा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. तो खरोखर चांगला होता.

पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्यातला फरक पाहण्याजोगा आहे. पहिल्यात माझे पुढील काम ‘वनस्पती रोगांवर संशोधन करून अन्नसुरक्षा वाढवणे’ असे एका ओळीत होते, जे पृथ्वीतलावरील कोणत्याही वनस्पती रोगतज्ज्ञाला लागू पडेल. दुसऱ्यात ते असे मांडले होते की, पानावरचा ओलावा आणि रात्रीचे तापमान यांच्या नोंदींवरून टार स्पॉटचा प्रादुर्भाव आधी ओळखण्याची पद्धत विकसित करायची, म्हणजे शेतकऱ्याला बुरशीनाशकाची फवारणी नेमकी कधी करायची आणि कधी टाळायची हे कळेल. एनआयडब्ल्यूत विषयाचे महत्त्व मोजले जात नाही, तुम्ही हाती घेतलेल्या विशिष्ट कामाचे मोजले जाते, ही गोष्ट या दोन मसुद्यांच्या तुलनेतून मला जितकी कळली तितकी कोणत्याही मार्गदर्शनपर व्याख्यानातून कळली नव्हती.

शिफारसपत्रे पाच होती. दोन माझ्याबरोबर काम केलेल्यांची आणि तीन ज्यांनी माझ्याबरोबर कधीच काम केलेले नाही, फक्त माझे निबंध वाचून वापरले आहेत, अशांची. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांना अधिक वजन असते, कारण त्यात स्नेहसंबंधाचा संशय येत नाही. फर्मने पाचही मसुदे दिले, पण त्यांपैकी तीन पत्रांत ‘तिच्या कार्याने या क्षेत्राचा चेहरामोहरा बदलला आहे’ अशा अर्थाचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे होते. तीन वेगवेगळ्या राज्यांतल्या तीन प्राध्यापकांनी एकच अलंकार एकाच जागी वापरावा, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटणार नाही. मी ती वाक्ये काढून प्रत्येकाने माझ्या कोणत्या निबंधातली कोणती आकृती किंवा कोणती पद्धत आपल्या कामात वापरली, हे विचारून घेतले आणि तेवढेच लिहिले. पत्रे छोटी झाली, पण त्यांत जीव आला. या कामात माझे तीन आठवडे गेले. फर्मच्या जाहिरातीत ‘तुम्ही संशोधन करा, बाकी आमच्यावर सोडा’ असे लिहिलेले असते. त्या वाक्यावर विसंबू नये.

यानंतर घडलेली चूक सर्वस्वी फर्मची होती. स्वतःचा अर्ज स्वतः करणाऱ्याला आय-१४० साठी त्या वेळी ७१५ डॉलर शुल्क आणि त्याखेरीज आश्रय कार्यक्रमाचे ३०० डॉलर भरायचे होते, आणि या दोन रकमा स्वतंत्रपणे द्यायच्या होत्या. फर्मने दोन्हींची बेरीज करून १,०१५ डॉलरचा एकच चेक जोडला. तीन आठवड्यांनी सगळे पुडके, पाचशेवर पाने, एका छापील चिठ्ठीसह परत आले. अर्ज नीट दाखल होतो त्या दिवसाचीच प्रायॉरिटी डेट मिळते, त्यामुळे जी वस्तू मी विकत घेत होते तीच तीन आठवड्यांनी उशिरा मिळाली. बारा वर्षांच्या रांगेत तीन आठवडे ते काय, असे फर्मचा पॅरालीगल, म्हणजे वकिलाचा मदतनीस, म्हणाला नाही, पण त्याच्या स्वरात ते होते. वर पुन्हा पाठवण्याच्या कुरिअरचे ६८ डॉलर बिलात लावले. मी आक्षेप घेतल्यावर ते काढून टाकले. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी चेक घेणेच बंद झाले आहे आणि पैसे कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून घेतले जातात, तेव्हा नेमकी ही चूक कोणाच्या वाट्याला पुन्हा येऊ नये. पण शुल्काचे आकडे पाठवण्यापूर्वी स्वतः ताडून पाहावेत.

प्रीमियम, म्हणजे जलद प्रक्रियेसाठी २,८०५ डॉलर वेगळे भरले होते. ईबी-१ए ला या प्रक्रियेत १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळते, एनआयडब्ल्यूला कामकाजाच्या ४५ दिवसांत. उत्तर म्हणजे मंजुरीच असे नाही, हे मला मेच्या मध्यावर आलेल्या आरएफईने शिकवले. अधिकाऱ्याने माझी पदवी, माझे निबंध आणि विषयाचे महत्त्व मान्य केले होते, पण माझ्या कामाचा परिणाम माझी प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यापलीकडे कसा पोहोचतो, याचा पुरावा मागितला होता. गेल्या काही वर्षांत एनआयडब्ल्यूचे अर्ज खूप वाढले आहेत आणि मंजुरीचे प्रमाण आधीपेक्षा उतरले आहे, त्यामुळे हा प्रश्न आजकाल अनेकांना विचारला जातो. जानेवारी २०२५ मध्ये इमिग्रेशन खात्याने आपल्या नियमपुस्तिकेतील या सवलतीचे प्रकरण सुधारून अधिक काटेकोर केले, त्याचीही छाया त्या पत्रावर दिसत होती.

फर्मचा कस इथे लागला आणि इथेच तिने माझे पैसे वसूल करून दिले. वकीलबाईंनी सव्वा तास फोनवर बसून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या रीतीने विचारला: तुमच्या नोंदी तुमच्या नकळत कोण वापरते? मला आधी काही सुचेना. मग आठवले की, शेजारच्या राज्यातील विद्यापीठाची विस्तार सेवा, म्हणजे आपल्याकडच्या कृषी विज्ञान केंद्रांचे काम तिथे जी यंत्रणा करते ती, आपल्या साप्ताहिक सल्लापत्रिकेत आमच्या निबंधातील तक्त्यावरून फवारणीच्या तारखा ठरवत होती. ती पत्रिका माझ्या अर्जात नव्हतीच, कारण ते ‘संशोधन’ नाही असे मी गृहीत धरले होते. आम्ही तीन हंगामांच्या पत्रिका मिळवल्या, विस्तार अधिकाऱ्याचे दीड पानी पत्र मिळवले, ज्यात एकही विशेषण नव्हते, फक्त कोणत्या जिल्ह्यांत सल्ला दिला गेला त्याची यादी होती, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर पाठवले. उत्तर मिळाल्यावर ४५ दिवसांचे घड्याळ नव्याने सुरू होते. सप्टेंबरमध्ये मंजुरी आली.

या मंजुरीने आज माझ्या घरात काय बदलले, तेही सांगते, कारण कार्ड दूर असले तरी हातात काहीच पडत नाही असे नाही. एच-१बी ची सहा वर्षांची मर्यादा संपल्यावरही, रांगेत असेपर्यंत, नोकरी देणारी संस्था तीन तीन वर्षांची मुदतवाढ मागू शकते. दुसरे म्हणजे माझा नवरा, जो संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आठ वर्षे शिकवत होता आणि इथे आल्यापासून आधी एफ-२ आणि मग एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर घरी बसून होता, त्याला या मंजुरीच्या आधारे कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता आला. फर्मच्या अभिनंदनाच्या पत्रात या दोन्हींपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. त्यात फुलांचे चित्र होते आणि अभिप्रायासाठी पाच कोरे तारे होते.

त्या पत्रानंतर चारच दिवसांनी विक्री विभागाचा फोन आला की, ईबी-१ए आत्ताच केल्यास शुल्कात वीस टक्के सूट मिळेल. मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या की, परीक्षण, निबंध आणि योगदान हे तीन निकष कागदावर मांडता येतील, पण दुसऱ्या टप्प्यावर, जिथे सगळे एकत्र पाहिले जाते, तिथे आज तुमची बाजू लंगडी पडेल. संदर्भ वाढू द्या, परीक्षणाची निमंत्रणे मोठ्या नियतकालिकांकडून येऊ द्या आणि संपादकांची आभारपत्रे एका जागी साठवत राहा. एकाच फर्ममधून चार दिवसांच्या आत आलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवली की, तिथे कोणाशी बोलावे हे कळते.

ज्यांचा जन्म भारताबाहेर, किंवा जोडीदाराचा जन्म भारताबाहेर झाला आहे, त्यांना ही सेवा लवकर फळ देईल आणि त्यांनी किमतीकडे फार पाहू नये. ज्यांना येत्या वर्षभरात कायम स्वरूपाचे पद मिळण्याची दाट शक्यता आहे, त्यांनी आधी विद्यापीठाच्या कार्यालयात ईबी-१बी आणि प्राध्यापकांसाठीची ती १८ महिन्यांची सोय यांची चौकशी करावी. तिथे अर्जाचा बराच खर्च संस्थाच उचलते. माझ्यासारख्या, भारतात जन्मलेल्या आणि वर्षावर्षाच्या करारावर असलेल्या पोस्टडॉकने मात्र एनआयडब्ल्यू शक्य तितक्या लवकर करावी, ती याच फर्मकडून किंवा हिच्यासारख्या दुसरीकडून, पण करारात आपला अर्ज कोणता वकील लिहिणार त्याचे नाव घालून घ्यावे. आभारपत्रांसाठी मी एक स्वतंत्र फोल्डर उघडला आहे. सध्या त्यात अकरा आहेत.